डीपी आणि म्हशीच्या मधली ओळ

सन दोन हजार पंचवीस. मी ब्याऐंशी वर्षांचा, असं तुझी वही म्हणते. शाळेच्या दाखल्यावर एक वर्ष कमी आहे, आधार कार्डावर तिसरंच काहीतरी. माझी आई म्हणायची, जोंधळा काढायला आला होता तवा झालास. मला तेवढं जन्मभर पुरलं. तुला पुरलं नाही. तू गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरलास, याच्या लग्नाचा त्याच्या बारशाशी मेळ घातलास, माझं वय काढलंस, वहीत मांडलंस आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन मलाच ऐकवलंस. जसा काही मी तुझ्या लिहिण्यानंच जन्माला आलो.

तू माझ्याहून चार वर्षांनी लहान, सर्जेराव. मेहुण्यानं दाजीच्या आधी जायचं, ही कुठल्या पलटणीतली शिस्त?

तुझ्या विजयनं तुझ्या डायऱ्यांचं पुस्तक काढायचं ठरवलंय. वर्षश्राद्धाला वाटणार म्हणतो. पुस्तकाच्या तोंडाला माझं लिहिणं पाहिजे. मी म्हटलं, "बाबा, मी चौथीपतूर. त्यातबी अर्दं वरीस गुरांमागं." तर म्हणतो, "मामा, तुम्ही लिहा, मी शुद्ध करून घेतो." आत्याचा नवरा म्हणून मला मामा म्हणतो. मी सांगितलं, एका अक्षराला हात लावलास तर पुस्तक चुलीत घालीन. म्हणून जमेल तसं शाळेतलं लिहितोय. तुझं माझं बोलणं मात्र झालं तसंच उतरवणार. शुद्ध भाषेत तुला शिव्या घालायला मला जमायचं नाही.

पहिल्यांदा एक सांगून टाकतो, कारण आता सगळे उलटं सांगत फिरतायत. तू लेखक नव्हतास. लेखक काहीतरी डोक्यातनं काढतो. तुझ्या डोक्यातनं कधी काही निघालं नाही. तू सकाळी उठून आभाळाकडं बघायचास आणि 'हवा – ढगाळ' असं लिहायचास. आभाळ ढगाळ आहे हे गावातल्या शेळीलाही दिसत होतं.

पाटणकडचा डोंगरातला माणूस तू. सुभेदार होऊन पेन्शन घेतलीस, बायको आधीच गेलेली, पोरगं सांगलीला नोकरीला चिकटलेलं. तर आपलं गाव सोडून बहिणीच्या गावात, उंब्रजशेजारी आमच्यात येऊन घर बांधलंस. बहिणीच्या दारात म्हातारपण काढणारा गडी मी दुसरा बघितला नाही. हे मी तुला तोंडावरही बोललो. तू म्हणालास, "दाजी, अक्काच्या हातचं पिटलं दुसरीकडं मिळत न्हाई." म्हणालास ते खरं, पण मला ते आवडलं नाही.

दोन खोल्या बांधल्यास. पुढं पत्रा, पत्र्याखाली लोखंडी खुर्ची, खुर्चीवर तू, मांडीवर डायरी, कानाशी रेडिओ. डायरी माझी. मी साखर कारखान्याचा सभासद, दर नव्या वर्षाला मला एक डायरी मिळते. मला तिचा उपयोग काय? माझी डायरी रानात आहे. तुझी अक्का, माझी हौसा, म्हणाली, "सर्जाला द्या की वो ती." दिली. ती दिली आणि तिथनं खोडी लागली. म्हणजे इतकी वर्षं तुझ्या खुळाला कागद मी पुरवला. हे पुस्तकात छापा म्हणावं.

तुझी पद्धत फौजेतली. आधी हवा, मग रेडिओवरची बातमी, मग दिवस जसा घडेल तसा, आकडे घालून, खालीखाली. तुझ्या वहीत रशिया होता, अमेरिका होती, कुठल्या कुठल्या देशातले भूकंप होते. दिल्लीत कोण पडला, मुंबईत कोण कुणाला जाऊन मिळाला. त्याच्या खाली शिंद्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली. मी विचारायचो, "रं, त्या अमेरिकेच्या अध्यक्षाला तू ठावा हाईस का?" तू म्हणायचास, "न्हाई." "मग त्यो तुज्या वहीत कशाला?" त्यावर हसायचास. उत्तर नसलं की हसायचं, हे एक तुला बरं जमायचं.

गावाला तर तू बिघडवलंसच. पूर्वी लोकांच्या ध्यानात राहायचं. कुणाचा बाप कवा गेला, कुणाचा बैल कोणत्या बाजारातनं आला, सगळं तोंडावर असायचं. तू आलास आणि गावानं डोकं वापरायचं सोडलं. जो तो उठून तुझ्या पत्र्याखाली. ती शेवंता एकदा धावत आली, मी तिथंच होतो.

"आवं सुभेदार, माझी म्हस कवा फळवली बघा की."

तू चष्मा चढवलास, पानं उलटलीस, जिभेवर बोट लावून. "हां. बुधवार. त्या दिवशी पंतप्रधान परदेशी गेलं."

"त्यास्नी जाऊ द्या तिकडं. माझी म्हस?"

"त्याच दिवशी. आकडा पाचवा."

"आन् पंतप्रधान?"

"आकडा दुसरा."

"आगं बाई, माझी म्हस त्यांच्या मागं व्हय!" म्हणत ती हसत सुटली, तूही हसलास. मी म्हटलं, "शेवंते, नागपंचमीच्या आदल्या दिशी रेड्याकडं नेली व्हतीस म्हशीला. मला इचारायचं सोडून ह्याला काय इचारतीस?" तू पान बघितलंस. नागपंचमीची आदलीच तारीख होती. तू मान हलवलीस आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंस, 'दाजींनी तोंडी सांगितलं, बरोबर निघालं.' म्हणजे माझ्या ध्यानाला तुझ्या वहीचा शिक्का पाहिजे होता! त्या दिवशी मी तुझ्याकडचा चहा न पिता उठलो.

हौसा मला म्हणायची, "लिवू द्या की. तुमचं काय जातंय? कागूद तर फुकाटचा हाय." बहीण-भावाचं ते तसलंच. तिनं डब्यात पिठलं घालून धाडायचं, त्यानं वहीत लिहायचं, 'अक्काकडून पिठलं आलं.' रोज. कधी 'भाकरी आली', कधी 'आमटी आली.' सरकार पडलं तरी आमटी आली, पूर आला तरी आमटी आली.

आणि मग ती गेली.

तो दिवस मला वहीशिवाय ठाऊक आहे. पाडवा होऊन गेला होता, उसाला मातीची भर लावायचं चाललं होतं. तेराव्यानंतर तू नेहमीसारखा संध्याकाळी ओट्यावर आलास. नेहमीसारखी डायरी उघडलीस. मला वाटलं, काहीतरी चांगलं लिहिलं असशील. इतक्या वर्षांचा लिहायचा सराव, सख्खी बहीण, एखादं पान तरी भरलं असशील. तू वाचलंस.

"एक. हवा, कोरडी, ऊन लय. दोन. बातमी, कांद्याची निर्यात बंद. तीन. डीपी जळाली, वायरमन आला नाही. चार. अक्का दुपारी गेली. पाच. म्हशीनं दूध चोरलं."

आणि पान उलटलंस.

"पुन्ना वाच," मी म्हणालो.

तू पुन्हा वाचलंस. तसंच. त्याच आवाजात.

"माजी बायकू डीपी आन् म्हशीच्या मदी?"

"दिवस तसाच आला, दाजी."

"तुजी भन व्हती ती."

"व्हय."

"मग वर घे तिला. पैल्या आकड्याला घे. न्हाईतर फाड त्यो कागूद."

"डोस्क्यात खोरं घाला माज्या. पर लिवल्यालं खोडत न्हाई मी. गार्डरूमचं रजिस्टर हाय असं समजा. काय घडलं ते, घडलं त्या वळीनं. मागनं फिरवायचं न्हाई."

"ही गार्डरूम न्हाई. माजा वटा हाय. ऊट हितनं."

उठलास. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलास, काखेत डायरी. लाज नावाची वस्तू तुमच्या पलटणीत मिळत नसावी.

त्या ओळीवरनं आपलं किती वर्षं चाललं ते तुझ्या वहीत असेल, मी मोजलं नाही. प्रत्येक भांडणाची तू नोंद करायचास हे मात्र मला माहीत आहे. 'दाजी ओळीवरून बोलले.' 'दाजी ओळीवरून पुन्हा बोलले.' 'दाजी आज ओळीवरून बोलले नाहीत, ताप आहे.' एका वर्षी मी डायरी दिलीच नाही. आठवडाभर तू कसल्या कसल्या पाठकोऱ्या कागदावर लिहीत बसलास. शेवटी मीच नेऊन खुर्चीवर आपटली. गावभर डायरी मागत फिरला असतास, आणि सुभेदाराला दाजी डायरी देत नाही असं माझं नाव झालं असतं.

तू एकदा सांगायला बघितलंस, "दाजी, अक्का रोज हाय की वहीत."

मी म्हटलं, "रोजचं पिटलं लिवलंस आन् मेली तवा एक वळ. व्वा रं भाऊ!"

त्यावर तू हसला नाहीस.

आता जे बोलायचं ते बोलतो, कारण तू ऐकायला नाहीस. हौसा गेल्यावर घरात मी एकटा. माझं पोरगं फौजेत, सून-नातवंडं त्याच्यामागं. तुझ्याकडंही चूल नव्हती. तू बहिणीच्या चुलीवर जगणारा. मग मी करायला लागलो. दोघांचं करायचो, कारण एकाचं करायला मला येत नाही. तू यायचास, जेवायचास आणि घरी जाऊन लिहायचास. 'दाजींनी पिठलं केलं. खारट.' 'दाजींनी भाकरी केली. करपली.' 'दाजींनी आमटी केली. खाल्ली.' ते 'खाल्ली' मी विसरणार नाही. फुकटचं खाऊन एवढं तोंड वाकडं करणारा माणूस जिल्ह्यात नसेल. पण एक संध्याकाळ चुकवली नाहीस. पावसापाण्यात घोंगडं घेऊन आलास, गुडघा सुजला तवा काठी टेकत आलास. ओट्यावर बसून तुझा तो रशिया वाचायचास, मी शिव्या घालायचो, आणि दिवस संपायचा. तू नसतास तर तो कसा संपला असता हे मला माहीत नाही. हे एवढंच. यापुढं तुझं गुणगान माझ्याकडनं मागू नये.

गुडघ्याचं दुखणं छातीपर्यंत गेलं तवा विजय गाडी घेऊन आला. सांगलीला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं म्हणाला. तू आधी रेडिओ गाडीत ठेवलास, मग डायरी, मग औषधाची पिशवी. मी दारात उभा. गाडीत बसलास आणि काच खाली करून म्हणालास, "दाजी, माघारी आलो की ती वळ बघू."

"बघू मंजी?"

"बघू."

"खोडणार हाईस का?"

विजयनं गाडी काढली. तू हात हलवत राहिलास. मला असा राग आला, सर्जेराव! इतकी वर्षं नाही, नाही, नाही. आणि डॉक्टरचं नाव निघालं की लगेच 'बघू'? भ्यालास? मी घरात येऊन बसलो आणि मला कळेना की आपण चिडलो कशावर. खोडत नव्हतास म्हणून इतकी वर्षं चिडलो. आता खोडशील म्हणून चिडलो होतो.

तू गेलास त्या सकाळी मी उसाला पाणी देत होतो. पहाटे लाईट आली होती, मोटार चालू, मी दारं धरून उभा; एक सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून पाणी पुढच्या सरीत वळवायचं. फोन वाजला.

"मामा..."

"बोल की."

"आबा गेले."

"कुठं?" मी विचारलं.

कुठं म्हणून विचारलं मी. विजय पलीकडं रडायला लागला तवा मला कळलं. मी खोरं तिथंच टाकलं आणि घराकडं चालायला लागलो. जन्मात कधी भरलेली सरी सोडून गेलो नाही. त्या दिवशी पाणी वळवायचं राहिलं, मोटार बंद करायची राहिली. सगळं पाणी बांध फोडून शेजारच्या बबनच्या हरभऱ्यात गेलं. तो शिव्या घालतच दारात आला. "बापू, झोपला व्हता का काय? घाट्याला आल्याला हरभरा गेला माझा!" मी नुसतं म्हटलं, "सर्जा गेला." तो उभा राहिला, टोपी काढली, आणि मोटार बंद करायला निघून गेला. हरभरा त्याचा गेला तो गेलाच.

दुपारनंतर गाडीनं तुला आणलं. तुझ्या उशाशी औषधाची पिशवी आणि डायरी. रेडिओ विजयच्या घरात राहिला. कुणाला सुचणार?

आता तुझ्या दहाव्याचं ऐक. तू असतास तर सात-आठ आकडे भरले असते. नदीच्या घाटावर हे एवढं माणूस. कोपऱ्यावर फ्लेक्स. त्यात तुझा फोटो एवढासा, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून पाणीसंस्थेच्या चेअरमनचा फोटो तुझ्या दुप्पट. गॉगल घालून शोकाकुल झालेला माणूस मी पहिल्यांदा बघितला. पिंड मांडले होते, कावळे झाडावर, आणि भाषणं सुरू. एक उठला, म्हणाला, सुभेदार म्हणजे गावाचे थोर साहित्यिक. दुसरा म्हणाला, सुभेदार म्हणजे चालता-बोलता इतिहास. तू चालत कुठं होतास? शेवटी शेवटी खुर्चीतनं उठवायला माणूस लागायचा. चेअरमन बोलले ते संपेचना. कावळेसुद्धा पंख झाडत बसले.

मग शाळेतले गुरुजी उठले. म्हणाले, स्वर्गवासी सुभेदारांच्या लेखणीतूनच त्यांना श्रद्धांजली वाहू. पान आधीच काढून ठेवलं होतं, चेअरमनचं नाव त्यात दिसलं म्हणून. पुढं काय लिहिलंय ते वाचून बघायची तसदी कुणी घेतली नव्हती. आवाज लावून वाचायला लागले.

"हवा, निरभ्र. आज नव्या चारीचं उद्घाटन. चेअरमनसाहेब आले. नारळ फोडला. भाषण केलं. चारीला पाणी आलं नाही. भाषण चालू असताना तीन म्हातारी माणसं झोपली, त्यात दाजी होते. जेवण..."

गुरुजी थांबले. मग मागनं कुणीतरी बारीक आवाजात विचारलं, "जेवान कसं व्हतं, गुरुजी? वाचा की." आणि सगळा घाट हसला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो, तुझ्या दहाव्याला, सगळ्यांच्या देखत. त्या हसण्यातच कावळा येऊन पिंडाला शिवला. बाकी कुणी बघितलं नाही, मी बघितलं.

खरा तमाशा पुढंच. घरी आल्यावर चेअरमननं विजयला बाजूला घेतलं. "पुस्तकात ती चारीची ओळ नको हं. गैरसमज होतात." त्याच्यामागं सरपंचाचा भाऊ, त्याचा दारूचा एक प्रसंग वहीत आहे. त्याच्यामागं शिंद्यांचा थोरला. शेजाऱ्याचा बांध कोरल्याचं आहे. त्याच्यामागं अजून कोण कोण. एकजात सगळे हळू आवाजात, विजयच्या खांद्यावर हात ठेवून. आणि तुझं पोरगं प्रत्येकाला, "काढतो, काका. काढू या, साहेब."

तू जन्मभर एक अक्षर फिरवलं नाहीस आणि तुझ्या पोरानं चहाचा कप खाली ठेवायच्या आत निम्मं गाव खोडलं.

मी ओट्यावर बसलो होतो. विजय माझ्याजवळ आला. हातात दोन डायऱ्या. एक हौसा गेली त्या सालची, एक यंदाची.

"मामा, आबांनी सांगलीत एकदा विषय काढला होता. आत्याच्या ओळीचा. म्हणाले, दाजींना विचार."

"काय इचार?"

"एवढंच म्हणाले. तर मी म्हणतो, तुम्हाला पाहिजे तसं करा. ओळ वर घ्या, मोठी करा, नाहीतर काढून टाका. तुमच्या हातानं करा, तसंच छापतो. बाकीच्यांचंही करतोयच."

बाकीच्यांचंही. ऐकलंस? चेअरमन, दारूवाला, बांध कोरणारा, आणि त्यांच्यामागं रांगेत मी, टोपी हातात घेऊन, आमचीबी तेवढी वळ बघा म्हणत.

मी विचारलं, "आन् ही यंदाची कशाला?"

"त्यात आबांचं शेवटचं लिखाण आहे. आदल्या दिवसापर्यंतचं. पुढं कोरी आहे. तुमच्याकडं असू दे." खिशातलं पेन काढून त्यानं डायरीवर ठेवलं. तुझंच पेन.

रात्री मी डायरी उघडली नाही. मला दिव्यात दिसतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन ओट्यावर आलं तवा दोन्ही डायऱ्या घेऊन बसलो. आधी हौसाचं पान काढलं. ते मी कानानं इतक्यांदा ऐकलं होतं, डोळ्यानं पहिल्यांदा बघत होतो. बोट ठेवून वाचलं. तुझं अक्षर, सरळ, फौजेतलं. तीन. डीपी जळाली, वायरमन आला नाही. मग मला ते आठवलं. डीपी जळून गावची लाईट गेलेली, पंखा बंद पडला होता. तिला आत घाम फुटून कासावीस व्हायला लागलं, म्हणून आपण दोघांनी बाज उचलून ओट्यावर आणली, आणि तू तिच्या उशाशी बसून वारा घालत होतास. हातात दुसरं काही नव्हतं, ह्या डायरीनंच घालत होतास. सारखा रस्त्याकडं बघत होतास वायरमनसाठी. आणि पाच. ती म्हैस हौसाशिवाय कुणाच्या हाताला कधी पान्हवली नाही. त्या संध्याकाळी शेवंता धारेला बसली तर म्हशीनं लाथ मारली आणि घराच्या दाराकडं तोंड करून हंबरत राहिली.

हे माझ्यासमोर घडलेलं. मला वहीची गरज नाही असं म्हणणारा मी. आणि तू मठ्ठ माणसा, मी तुला एवढ्या शिव्या घालत होतो तवा हे तोंडानं सांगायला काय झालं होतं? का तेही रजिस्टरात बसत नव्हतं?

पेनचं टोपण मी काढलं होतं. ते तसंच धरून बसलो. त्या ओळीला हात लावला नाही. चेअरमनच्या मागं रांगेत मी उभा राहणार नाही. तुझं 'बघू' तुझ्यापाशी ठेव. मी बघितलं. विजयला निरोप धाडलाय : हौसाची ओळ आहे तशी छाप, आणि चारीची छापणार नसशील तर माझं हे लिहिणंही छापू नको.

मग यंदाची डायरी उघडली. तुझा शेवटचा दिवस तू लिहिलेला. त्याच्या पुढचं पान, तू गेलास ते, कोरं. मनात आलं, याला आता असा खाली टाकतो, कुत्रीच्या पिल्लांच्याही खाली, मग कळेल बसलेल्या जागी कसं वाटतं ते. पण तो दिवस पहिल्यापासनं आठवत गेलो आणि तू जिथं आलास तिथंच आलास. तोवर शाळा सुटल्यापासनं सहीपुढं काही लिहिलेलं नव्हतं. एकेका अक्षराला वेळ लागला.

'१. हवा – थंडी, मग ऊन.

२. बातमी – ऐकली नाही. रेडिओ सांगलीला.

३. पहाटे लाईट आली. उसाला पाणी लावलं.

४. हौसाचा भाऊ गेला.

५. पाणी बबनच्या हरभऱ्यात गेलं.'

चौथी ओळ लय वाकडी आली. खोडली नाही.